कानकूनचं शेवाळ आणि तारकर्लीचं हिरवं पाणी

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या, त्यांचे मिस्टर आणि बारा वर्षांचा मुलगा ह्यूस्टनला दिरांकडे जातायत आणि तिथून सगळे मिळून पाच दिवस मेक्सिकोला, कानकून आणि टुलुम. टुलुमचं बीच हॉटेल बुक झालंय, अजून कॅन्सल करता येतंय. पण दिरांच्या मित्राने गेल्या जूनचे फोटो पाठवले, बीचवर गुडघाभर तपकिरी शेवाळ आणि त्यातून जेसीबी फिरतोय, आणि तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. ताई म्हणतात, "दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तारकर्लीला स्कूबा केलं तेव्हा पाणी इतकं हिरवं होतं की पुढे केलेला हात दिसेना, मग इथे तर एवढं शेवाळ, पाण्याखाली काय दिसणार डोंबल?" मुलाला लहानपणापासून थोडा दम्याचा त्रास आहे, इन्हेलर जवळ असतो, त्याचंही त्यांना टेन्शन आहे.

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. जा, डायव्हिंगसाठी तर नक्की जा. फक्त टुलुमचं बीच हॉटेल आजच कॅन्सल करा आणि ते तीन दिवस कोझुमेल बेटावर टाका. आणि तारकर्लीचा अनुभव इथे लावूच नका, कारण ते हिरवं पाणी आणि हे तपकिरी शेवाळ या दोन अगदी उलट्या गोष्टी आहेत. तारकर्लीला तुम्हाला बीच चकाचक मिळाला असणार, पांढरी वाळू, मस्त फोटो, आणि पाण्याखाली अंधार. तिकडे काही बीचवर पाय ठेववणार नाही आणि तिथूनच तासाभरावर पाण्याखाली वीस-तीस मीटरवरचं कासव दिसेल. हे एकदा डोक्यात बसलं ना, की ट्रिप कशी आखायची ते आपोआप कळतं.

मी ठाण्यात राहतो, स्कूबा शिकवतो, सीझनमध्ये पोरं घेऊन मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान चालू असतं. २०१८ आणि २०१९ असे दोन सीझन मी प्लाया देल कार्मेनला डाइव्हमास्टर म्हणून काम केलंय, म्हणजे कानकून आणि टुलुमच्या बरोबर मधे, आणि २०१८ हे तिथल्या शेवाळाच्या सगळ्यात वाईट वर्षांपैकी एक. त्यामुळे मी हे रोज सकाळी बूट भरभरून अनुभवलेलं आहे.

हे शेवाळ म्हणजे सरगॅसम. आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती खडकांवर पण सरगॅसम असतं, पावसाळा संपला की वाढायला लागतं, हिवाळ्यात चांगलं दाट होतं, पण ते खडकाला घट्ट धरून असतं आणि लाटांनी उपटलं गेलं तरच किनाऱ्यावर येतं. अटलांटिकवालं जे आहे त्याच्या मुख्य दोन जाती, आणि त्या जन्मभर खडकाला शिवतच नाहीत. द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक हवेचे फुगे असतात त्याला, त्यावर ते तरंगतं, आणि एका तुकड्याचे दोन झाले की दोन्ही वाढत राहतात. ज्यांनी कल्याणजवळ उल्हास नदीत जलपर्णी बघितलीये त्यांना हे समजवायला लागत नाही, ही खाऱ्या पाण्यातली जलपर्णीच समजा, पाण्यात खत मिळालं की पसरत जायचं. फरक एवढाच की जलपर्णी बाहेरून आलेली आणि नदीचा गळा धरणारी, आणि सरगॅसम हे समुद्राचं स्वतःचं, हजारो वर्षांपासूनचं. कोलंबसाच्या जहाजाला १४९२ मध्ये हेच लागलं होतं, तेव्हा ते मुख्यतः उत्तर अटलांटिकमधल्या सरगॅसो समुद्रात असायचं, चारी बाजूंनी प्रवाह आणि मधे हे फिरत बसलेलं.

गडबड झाली २०११ पासून. २००९-१० च्या हिवाळ्यात अटलांटिकवरचे वारे नेहमीपेक्षा फार वेगळे वाहिले, त्याने शेवाळ खाली दक्षिणेकडे ढकललं गेलं असं मानतात, आणि तिथे ऊन भरपूर, खत भरपूर. खत कुठून, तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला खालून वर येणारं थंड पाणी, ॲमेझॉनचं पाणी, वाऱ्याने घुसळून वर येणारं खोलातलं पाणी, यात कोणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. पण झालं असं की आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत एक पट्टाच तयार झाला. जून २०१८ मध्ये तो ८,८५० किलोमीटर लांब होता आणि वजन दोन कोटी टनांच्या वर. साऊथ फ्लोरिडा युनिव्हर्सिटीवाले सॅटेलाइटवरून हे मोजतात, आणि मे २०२५ मध्ये त्यांनी पावणेचार कोटी टनांच्या आसपास मोजलं, तो तोपर्यंतचा उच्चांक होता. म्हणजे हे काही एका वर्षाचं संकट नाहीये, हा आता तिकडचा एक ऋतूच झालाय. मार्च-एप्रिलपासून चढतं, मे ते जुलै कळस, सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतं. तुमच्या तारखा बरोब्बर कळसात आहेत, ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. मुलाच्या शाळेमुळे तारखा बदलता येत नसणार हे समजतं, म्हणून तारखा सोडा आणि जागा बदला.

जागा बदला म्हणजे काय, तर वारा बघा. आपल्या कोकणात कुठल्याही जुन्या खलाशाला विचारा, तो आधी वारा कुठला ते बघतो मग बाकीचं. कॅरिबियनमध्ये वर्षातला बराच काळ वारा पूर्वेकडून नाहीतर आग्नेयेकडून येतो आणि शेवाळ त्याच्यासोबत. ज्या किनाऱ्याचं तोंड पूर्वेला त्याच्या पदरात सगळं पडतं. टुलुम, प्लाया देल कार्मेन, पुएर्तो मोरेलोस, कानकूनच्या हॉटेल झोनची लांब बाजू, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. कानकूनचा हॉटेल झोन नकाशावर सातच्या इंग्रजी आकड्यासारखा दिसतो, त्या सातची वरची आडवी दांडी उत्तरेला तोंड करून आहे, तिथले बीच त्या मानाने बरे राहतात. समोरच्या इस्ला मुहेरेस बेटाचं उत्तर टोक पण बरं असतं. आणि कोझुमेल बेटाचं तर असं आहे की पूर्वेची बाजू सगळं अंगावर घेते आणि पश्चिमेची बाजू, जिथे गाव आहे, हॉटेलं आहेत आणि जगभरातले लोक ज्यासाठी येतात ते रीफ आहेत, ती पाठीशी सुरक्षित राहते. थोडंफार येतं तिथेही, बेटाला वळसा घालून येतं, पण प्लायामध्ये ढिगारे लागलेले असताना मी कोझुमेलच्या जेट्टीवरून पायऱ्या उतरून निळ्या पाण्यात गेलोय. प्लायाहून फेरीने पाऊण तास.

आता बीचवर नक्की काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या मुलाच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा आहे. ताजं शेवाळ सोनेरी असतं आणि त्याला फार वास नसतो. ते वाळूवर येऊन पडलं की साधारण दोन दिवसांनी कुजायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया सुटतो. नासक्या अंड्याचा वास, अगदी तोच. मोकळ्या हवेत, लांबून, थोडा वेळ, धडधाकट माणसाला डोकं दुखेल, मळमळेल, डोळे चुरचुरतील, संपलं. पण ढिगाऱ्याच्या शेजारी खोली असेल आणि वारा समुद्रावरून खोलीत येत असेल तर दिवसरात्र तेच नाकात. २०१९ मध्ये पुण्याचं एक जोडपं माझ्याकडे डायव्हिंगला होतं, त्यांचं हॉटेल बीचवर, समोरचं शेवाळ चार दिवस कोणी उचललंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर त्या वहिनींनी पाय पुढे करून दाखवला, जोडवी काळी ठिक्कर. त्यांना वाटलं चांदी खोटी निघाली. चांदी चांगलीच होती, तो गॅसचा परिणाम, चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. कॅरिबियन बेटांवर तर लोकांचे एसी, टीव्ही या गॅसने खराब होतात. जे चांदीला आणि एसीच्या तांब्याला लागतं ते दम्याच्या पोराच्या श्वासनळीला लागू द्यायचं का, हा एवढाच विचार करा, आणि म्हणून टुलुमचं हॉटेल कॅन्सल करा म्हणतोय. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि जास्त झाला की नाक बधिर होऊन वास यायचाच बंद होतो, म्हणून "आता सवय झाली" हे लक्षण चांगलं नाही. कुजलेल्या ढिगाऱ्यावर मुलांना खेळायला सोडू नका, त्यात बोचणारे बारीक जीव पण असतात, आणि ओल्या शेवाळाखाली खड्डा आहे का दगड ते कळत नाही.

किनाऱ्याजवळचं पाणी पण त्या दिवसांत चहासारखं होतं. कुजलेल्या शेवाळाचा अर्क उतरतो, ऑक्सिजन संपतो, उथळ पाण्यातलं समुद्री गवत मरतं, मासे मरतात. कासवांचा अंडी घालायचा सीझन पण नेमका तेव्हाच, आणि एवढ्याशा पिल्लांना तो ढिगारा ओलांडता येत नाही. मला त्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच, हॉटेलवाल्यांचं नुकसान दिसतं, फोटो येतात, पण पहाटे शेवाळाच्या भिंतीला धडका देणारी पिल्लं कोणाच्या फोटोत येत नाहीत. तिकडे नौदल उतरलंय यात, बोटींनी समुद्रातच गोळा करतात, तरंगते अडथळे लावतात, पण खवळलेल्या दिवशी ते अडथळ्यावरून उड्या मारून येतंच.

आणि हेच शेवाळ किनाऱ्यापासून लांब, जिवंत असताना, काय असतं ते बघितलं की माणूस त्याला घाण म्हणायचं सोडतो. बोटीवर आमच्याकडे एक पांढरी बादली असायची, मास्क धुवायची. मी त्यात पाणी घेऊन एक मूठभर ताजा झुबका टाकायचो आणि हलक्या हाताने झटकायचो. तळाला तांदळाएवढ्या कोलंब्या, नखाएवढे खेकडे, सगळे त्याच सोनेरी रंगाचे, हलले तरच दिसणारे. एकदा त्यातून सरगॅसम फिश निघाला, अंगठ्याएवढा, अंगावर शेवाळाच्या पानांसारख्या झालरी, आणि तो फारसा पोहत नाही, पुढच्या परांनी हाताने धरल्यासारखा फांदी धरून चालतो. बोटीवरची सगळी मंडळी बादलीभोवती उकिडवी बसलेली, डाइव्हला उशीर होतोय याचं कोणाला भान नाही. मग ते सगळं जपून परत समुद्रात. कासवाची पिल्लं त्यांचं पहिलं वर्ष अशाच तरंगत्या शेवाळात लपून काढतात. तुमच्या मुलाला ही बादली नक्की दाखवायला सांगा बोटवाल्याला.

आता डायव्हिंग. शेवाळ तरंगतं, म्हणजे ते वरच्या अर्ध्या-एक मीटरमध्ये. तुम्ही दहा-पंधरा मीटर खाली. खाली पाणी स्वच्छच असतं, फक्त वरून ढग आल्यासारखी सावली सरकत जाते, आणि तिच्या कडेने ऊन असं तिरपं खाली उतरतं की बघत राहावं. म्हणजे त्रास खाली नाही, त्रास आहे उतरताना, चढताना आणि बोटीला. किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचे जे डाइव्ह असतात ते या सीझनमध्ये विसरा, कमरेएवढ्या लगद्यातून सिलिंडर घेऊन चालणं म्हणजे चिखलणीला उतरल्यासारखं, आणि रेग्युलेटरमध्ये, म्हणजे ज्यातून तोंडाने श्वास घेतो त्यात, कचरा जातो तो वेगळा. बोटीचंच डायव्हिंग घ्या. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढलं जातं, त्या तोंडाशी शेवाळ अडकलं की इंजिन तापतं, पंख्याला गुंडाळलं जातं ते वेगळं. माझ्या बोटीचं एकदा असंच झालं, आठ डायव्हर पाण्याखाली आणि वर इंजिन बंद, कप्तान हाताने शेवाळ काढतोय, आम्ही वर आलो तर बोट चारशे मीटर लांब. वीस मिनिटं तरंगत राहिलो. काही झालं नाही कारण प्रत्येकाकडे नारिंगी सिग्नलची नळी होती, ती फुगवून उभी धरली की शेवाळाच्या सोनेरी पट्ट्यातही दिसते, नुसतं डोकं दिसत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, ग्रुपला एक नळी नाही, माणशी एक. तुम्ही जिथे डायव्हिंग कराल तिथे हा प्रश्न आधी विचारा, नळी किती आणि इंजिन अडकलं तर दुसरी बोट जवळ असते का. नीट उत्तर देणारा मिळाला तर तोच घ्या, पन्नास डॉलर जास्त गेले तरी.

वर येण्याची एक पद्धत आहे, ती मी इथे ठाण्यात पूलमध्येच शिकवतो. रविवारी सकाळी साडेसहाला पूल मोकळा असतो, मी पाच-सहा योगा मॅट पाण्यावर पसरून ठेवतो आणि पोरांना खालून वर यायला लावतो. पहिल्यांदा सगळे डोकं मॅटला आपटून गडबडतात, तोंडातलं रेग्युलेटर काढायला बघतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात ना, तेव्हाच वर बघून मोकळी जागा हेरून ठेवायची, जिथे उजेड जास्त तिथे शेवाळ नाही. मोकळी जागा नसेल तर वर हात करून हळू यायचं, आणि स्पेअर रेग्युलेटर डोक्यावर धरून बटण दाबायचं, बुडबुड्यांच्या जोराने शेवाळ बाजूला होतं, त्या भोकातून वर. रेग्युलेटर तोंडात तसंच ठेवायचं, बोटीची शिडी हातात येईपर्यंत. हाताने ओढून फाडायला जायचं नाही, ते सिलिंडरच्या व्हॉल्व्हला आणि होसला गुंडाळतं. चार वेळा केलं की दहा वर्षांचं पोरगं पण शांतपणे करतं. स्नॉर्केलिंगवाल्यांना, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरच्या वर पोहणाऱ्यांना, मात्र शेवाळ जास्त त्रास देतं, कारण ते वरच असतात. म्हणून स्नॉर्केलिंग करायचं असेल तर सेनोटेमध्ये करा.

सेनोटे म्हणजे तिकडच्या चुनखडीच्या जमिनीत छत कोसळून झालेले पाण्याचे खोल डोह, गोड पाणी, समुद्राच्या शेवाळाचा तिथे काहीही संबंध नाही. टुलुमच्या आसपास खूप आहेत, दोस ओहोस नावाचं तर जगप्रसिद्ध आहे. पाणी इतकं स्वच्छ की माणूस हवेत तरंगतोय असं वाटतं, फक्त गार असतं, २४-२५ डिग्री, आपल्या माणसाला अर्ध्या तासात हुडहुडी भरते, मुलाला फुल वेटसूट घ्या. उघड्या सेनोटेमध्ये नुसतं पोहायचं, गुहेत सिलिंडर घेऊन जायचं तर सर्टिफिकेट आणि तिथला गुहेचा गाइड दोन्ही पाहिजेच, तारकर्लीचा तो वीस मिनिटांचा अनुभव त्यासाठी चालत नाही. सनस्क्रीन लावून उतरायला देत नाहीत, ते बरोबरच आहे. टुलुम बघायचंच आहे ना, मग मुक्काम न करता एक दिवस असा काढा, सकाळी कड्यावरचे माया लोकांचे अवशेष, दुपारी सेनोटे, संध्याकाळी परत. आणि शेवटचे दोन दिवस इस्ला मुहेरेसच्या बाजूला असाल तर चौकशी करा, मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे व्हेल शार्क येतात. तुमच्या तारखांना सुरुवात असते, दिसतीलच असं नाही.

आता तारकर्ली, कारण ते तुमच्या मनातून गेलं पाहिजे. फेब्रुवारीत तुम्हाला जे हिरवं पाणी लागलं ते शेवाळाची पानं नव्हती, डोळ्याला एकेक सहज दिसणार पण नाहीत असे सूक्ष्म जीव, लाखो-करोडोंनी. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर कोरडे थंड वारे येतात, वरचं पाणी गार होऊन खाली जातं, खालचं खताने भरलेलं वर येतं, आणि मग हे जीव फोफावतात. त्यात नॉक्टिल्युका म्हणून एक आहे, खसखशीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, आणि आपल्या समुद्रात त्याच्या पोटात आणखी हिरवे सूक्ष्म जीव राहतात म्हणून पाणी हिरवं दिसतं. २००० नंतर हे प्रकरण अरबी समुद्रात बरंच वाढलंय. रात्री लाट फुटली की निळा उजेड दिसतो, जुहूपासून खाली कोकणापर्यंत लोक बघायला जातात, तो यांचाच. बघायला फार सुंदर, पण दिवसा त्याच पाण्यात डायव्हिंग म्हणजे मठ्ठ्यात डोळे उघडल्यासारखं. हे जीव पाण्यात वर-खाली सगळीकडे पसरलेले असतात, सरगॅसमसारखे फक्त वर तरंगत नाहीत, म्हणून दिसणं बंद होतं. मार्च-एप्रिलला आणखी एक येतो, ट्रायकोडेस्मियम, तो शांत समुद्रावर लाकडाचा भुसा सांडल्यासारखे तांबूस पट्टे करतो. एकदा नेत्राणीला जाताना अख्खा पट्टा लागला, बोटीतल्या एका काकांना वाटलं कुठल्यातरी जहाजातून काहीतरी सांडलंय.

आणि मालवणला कर्ली नदीची खाडी जवळच, ओहोटीला गढूळ पाणी बाहेर येतं, त्यामुळे तुमचा स्लॉट जर ओहोटीचा असेल तर आधीच कमी असलेलं आणखी कमी. मालवणला चांगल्या दिवशी पाच-सात मीटर दिसतं, आणि तेवढ्यात सुद्धा मासे, प्रवाळ सगळं छान दिसतं, मी उगाच नाही दरवर्षी जात. पुढच्या वेळी नोव्हेंबर-डिसेंबरला जा, अमावास्या-पौर्णिमा टाळा कारण तेव्हा उधाणाने पाणी जास्त ढवळतं, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, भरती पूर्ण होत आली असताना उतरा. बुकिंग करताना किंमत विचारण्याआधी "काल किती दिसलं" हे विचारा. पैसे फुकट गेले असं वाटलं ना तुम्हाला, त्यात समुद्राची चूक नव्हती, तुम्हाला कोणी "आज नको, उद्या या" म्हणालं नाही ही खरी चूक.

मुलाच्या दम्याबद्दल स्पष्ट बोलतो. बारा वर्षांचा आहे म्हणजे वयाची अडचण नाही, दहाच्या पुढे समुद्रात अनुभव डाइव्ह करता येतो, बारा मीटरपर्यंत. पण डाइव्हआधी एक मेडिकल फॉर्म देतात, त्यात दम्याचा प्रश्न असतो आणि तिथे बरेच आईवडील "नाही" लिहितात कारण ऐन वेळी पोरगं रडू नये. कृपा करून असं करू नका. कारण साधं आहे, दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथे घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. श्वासनळी आवळलेली असेल आणि ती हवा फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात अडकली तर फुप्फुस फाटू शकतं, आणि हे अगदी तीन-चार मीटरवर पण होऊ शकतं. छातीच्या डॉक्टरांकडे जा, तपासणी करून घ्या, धावल्यावर किंवा गार हवेने दम लागतो का ते त्यांना नीट सांगा, सिलिंडरची हवा कोरडी आणि गार असते. त्यांनी लेखी "चालेल" दिलं तर करा. "नको" म्हणाले तर त्याला सेनोटेमध्ये मास्क लावून पोहू दे, बादलीतला सरगॅसम फिश दाखवा, त्याची ट्रिप वाया जात नाही. इन्हेलर बोटीवरच्या कोरड्या बॅगेत, हॉटेलच्या खोलीत नाही. आणि शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास विमान नको, म्हणजे ह्यूस्टनची फ्लाइट दुपारची असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळनंतर कोणी पाण्याखाली जायचं नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात रोज पाच मिनिटं काढा. साऊथ फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचं महिन्याचं पत्रक मोठं चित्र सांगतं, अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा नकाशा कुठल्या किनाऱ्याला धोका किती ते रंगाने दाखवतो, आणि हॉटेलांचे लाइव्ह कॅमेरे असतात ते सगळ्यात खरे. हॉटेलच्या वेबसाइटवरचे फोटो बघू नका, ते नेहमी जानेवारीचेच असतात. हॉटेलला मेसेज करून "आज सकाळचा बीचचा फोटो पाठवा" एवढंच मागा. शेवाळ एका रात्रीत येतं आणि वारा फिरला की एका रात्रीत कमी पण होतं, त्यामुळे मुक्काम पक्का ठेवा आणि रोजचा कार्यक्रम मोकळा ठेवा, समुद्र कुठल्या दिवशी आणि सेनोटे कुठल्या दिवशी ते तिथे सकाळी वारा बघून ठरवा. जाताना एक जोड जुने वॉटर शूज प्रत्येकाला घ्या, आणि चांदीचे दागिने खारघरलाच ठेवा.

आणि निघायच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी तिघेही ठाण्याला पूलवर या, डॉक्टरांचा कागद घेऊन. मुलाच्या चेहऱ्याला मास्क नीट बसतो का ते बघू, योगा मॅटखालून दोन-तीन वेळा वर यायला लावतो, मग कोझुमेलच्या बोटीवर त्याला घाबरायला होणार नाही.